लोण्यासारखं दिसणारं ग्रीस: एका मागच्या हबचं प्रकरण

आमच्या सोसायटीतले एक काका, वय ६१, बँकेतून निवृत्त. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते अलिबागहून रत्नागिरीला किनाऱ्याकिनाऱ्यानं सायकलवर गेले. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, अशा चार खाड्या फेरीबोटीनं ओलांडत, सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. परतीच्या पावसानं त्यांना हर्णैच्या अलीकडे गाठलं आणि गुहागरपर्यंत सोडलं नाही. काका मात्र खूश होऊन आले.

दिवाळी झाल्यावर त्यांनी सायकल माझ्या दारात आणली, मागचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. जात्यात खडा गेल्यावर येतो तसा आवाज.

"सप्टेंबरात तर मी स्वतः ओव्हरऑइलिंग केलं होतं रे. दोन्ही चाकांना नवीन ग्रीस, तेही बाजारातलं सगळ्यात भारी."

पुढचं चाक मी तिथल्या तिथे फिरवून पाहिलं. थोडं जड होतं, पण आवाज नव्हता. सायकल तीच, रस्ता तोच, पाऊस तोच, ग्रीसचा डबासुद्धा तोच. तरीही एक हब, म्हणजे चाकाच्या मध्यावर आसाभोवती फिरणारा भाग, धड आणि दुसरा खराब. मी भोसरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला बावीस वर्षं काढली. बेअरिंग का गेलं हे शोधण्यात माझी बरीच नोकरी गेली, म्हणून हे चाक मी नुसतं दुरुस्त करून देऊ शकलो नाही.

काय काय झालं होतं

सायकल स्टीलच्या फ्रेमची, लांब पल्ल्याची, सात वर्षं वापरलेली. हब जुन्या वळणाचे, म्हणजे सीलबंद काडतूस बेअरिंग नाही. हबच्या दोन्ही टोकांना कप, आसावर आट्यांनी बसणारे शंकूच्या आकाराचे 'कोन' आणि मध्ये सुटे छर्रे. पुढे दोन्ही बाजूंना दहा-दहा, ३/१६ इंची. मागे नऊ-नऊ, पाव इंची. मागे क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक काढता येणारा खटका, आणि नऊ दातेरी चक्रांची कॅसेट. ही रचना मला मनापासून आवडते, कारण १३, १५ आणि १७ चे चपटे पाने असले की ती पूर्ण उघडता येते आणि आत काय घडलं ते डोळ्यांनी दिसतं.

काकांना बोलतं केलं तेव्हा हकीकत अशी निघाली. त्यांनी मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानातून हाय टेम्परेचर ग्रीसचा डबा आणला. "डब्यावर लिहिलंय, हे वितळतच नाही," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पुढचा हब उघडला तर आतलं ग्रीस काळंकुट्ट आणि कचकचीत निघालं, म्हणून त्यांनी कप, कोन, छर्रे सगळं रॉकेलनं धुतलं, पुसलं आणि नवं ग्रीस भरलं. मग मागचा हब उघडला.

"काका, मागचं जुनं ग्रीस काढलं होतंत ना?"

"ते कशाला काढायचं? छान लोण्यासारखं होतं की. त्याच्यावरच नवीन दाबून भरलं."

पुढे प्रवासात दिवेआगरला ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरून त्यांनी सायकल चालवली. तो अनुभव सुंदरच असतो, मीही घेतला आहे. पण चाकाबरोबर उडणारं ते पाणी समुद्राचं. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असलेलं. रत्नागिरीला पोचल्यावर चिखल, वाळू आणि मीठ जावं म्हणून त्यांनी गाड्या धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्यानं सायकल लख्ख धुऊन घेतली. मग टेम्पोतून पुण्याला आणली आणि दिवाळीच्या गडबडीत ती पार्किंगमध्ये उभी राहिली, जवळजवळ पाच आठवडे.

हबच्या टोपणाला असलेलं रबर रस्त्यावरची धूळ आणि उडणारं पाणी अडवण्यापुरतं असतं. नोझल जवळ धरून मारलेला फवारा ते अडवू शकत नाही. पाणी आत गेलं आणि त्याबरोबर टोपणाभोवती साचलेलं मीठही गेलं.

उघडल्यावर

पुढच्या हबमधलं ग्रीस कडेला दुधाळ झालं होतं, म्हणजे पाणी तिथेही शिरलं होतं. दोन छर्ऱ्यांवर फिकट डाग. पण कोनाच्या पट्टीवर, म्हणजे छर्रे फिरतात त्या गोल वाटेवर, बॉलपेनची नीप फिरवली तर ती कुठेच अडखळली नाही. खड्डा बघायला डोळ्यांपेक्षा ही नीप बरी. चांगल्या पट्टीवर ती काचेवरून जावी तशी सरकते, बारीकसा खड्डाही हाताला कळतो.

मागचा आस ओढून काढला तेव्हा डाव्या बाजूनं पातळ तपकिरी तेल आधी ओघळलं. उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूनं जे आलं त्याला ग्रीस म्हणणं कठीण होतं. आमटीसारखं पातळ, त्यात गंजाचा गाळ. छर्रे निस्तेज, चार सरळ लालसर. उजव्या कोनावर तीन खड्डे होते, आणि त्यांच्यातलं अंतर अगदी सारखं होतं. एका छर्ऱ्यापासून शेजारच्या छर्ऱ्यापर्यंत असतं तेवढं.

या अंतरानं मला बरंच सांगितलं. सायकलचा आस फिरत नाही, फिरतो हब. त्यामुळे वजन कायम कोनाच्या खालच्या भागावरच येतं, आणि नऊपैकी दोन-तीन छर्रेच एका वेळी ते पेलतात. चालत्या सायकलीत छर्रे जागा बदलत राहतात, त्यामुळे झीज पट्टीसारखी पसरते. इथे मात्र छर्रे जिथे टेकले होते बरोबर तिथेच खड्डे. म्हणजे हे नुकसान कोकणच्या चढावर झालेलं नाही, पार्किंगमध्ये झालं. पाणी तळाशी साचलं, छर्रे तिथेच टेकून राहिले, मिठानं गंज धरला. पाच आठवड्यांनी काकांनी दोन-चार चकरा मारल्या तेव्हा गंजानं पोखरलेल्या त्या जागांचे टवके निघाले.

एवढ्यावर प्रकरण "प्रेशरनं धुऊ नका" असं म्हणून संपवता आलं असतं. पण पाणी पुढच्या हबमध्येही गेलं होतं. पुढच्या ग्रीसनं पोलाद झाकून ठेवलं, मागच्यानं ठेवलं नाही. का?

मागच्या चाकावर भार जास्त असतो हे खरं. काका, सायकल आणि मागे लावलेल्या पिशव्या धरून १०५ किलो, त्यातले ६५ च्या आसपास मागे. चेनच्या बाजूला चिखलही जास्त. हे दोन्ही मी हिशेबात धरले. पण भारामुळे ग्रीसचं पाणी होत नाही. ग्रीस आमटीसारखं व्हायला दुसरं काही तरी घडावं लागतं.

दही मोडतं तसं

ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. ग्रीस म्हणजे कशात तरी धरून ठेवलेलं तेल. दह्याची कवडी जशी पाणी धरून ठेवते, तसंच. वंगण करायचं ते तेलच करतं. त्याला जागेवर राखायचं काम थिकनर करतो. बहुतेक नेहमीच्या ग्रीसमध्ये हा थिकनर लिथियमचा साबण असतो. त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतून जाळं होतं आणि तेल त्या जाळ्यात राहतं. दुसरे थिकनरही आहेत: कॅल्शियमचा साबण, सोडियमचा साबण, लिथियम कॉम्प्लेक्स, कॅल्शियम सल्फोनेट, विजेच्या मोटरींच्या बेअरिंगमध्ये सर्रास असणारं पॉलियुरिया, आणि बेन्टोनाइट नावाची प्रक्रिया केलेली माती.

काकांच्या डब्यावर "साबणविरहित, ड्रॉप पॉइंट नाही" असं होतं. ड्रॉप पॉइंट म्हणजे ग्रीस वितळून थेंब पडायला लागतो ते तापमान. कंपनीच्या माहितीपत्रकात थिकनरपुढे बेन्टोन लिहिलेलं. म्हणजे मातीचं ग्रीस. ते वितळत नाही हे अगदी खरं, कारण मातीला वितळायचं कारणच नाही. भट्टीजवळच्या बेअरिंगसाठी ते उत्तम. आमच्या कारखान्यातही वापरायचो. पण मातीचं ग्रीस आणि साबणाचं ग्रीस यांचं जमत नाही, हे मेंटेनन्सला काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षातच शिकवलेलं असतं. मातीच्या चकत्या एकमेकींना ज्या नाजूक ओढीनं धरून असतात, ती ओढ साबणाच्या संगतीत ढिली पडते. जाळं मोडतं आणि तेल सुटतं. दही मोडलं की वर पाणी सुटतं, तसं. म्हणून कारखान्यात प्रत्येक ग्रीसगनला वेगळ्या रंगाची पट्टी असायची आणि एका गनमध्ये दुसरं ग्रीस भरलेलं सापडलं की ती अख्खी गन धुतली जायची.

सायकलच्या दुकानात ही शिस्त मला फारशी दिसलेली नाही. हब उघडतात, दिसेल तेवढं बोटानं पुसतात, नवं भरतात. बहुतेक वेळा खपून जातं, कारण जुनं आणि नवं दोन्ही साधं लिथियम असतं. काकांचं खपलं नाही.

हा अंदाज पडताळून पाहायची सोय घरातच निघाली. काकूंची सायकल त्याच महिन्यात घेतलेली, तेच मॉडेल, आणि तिचा मागचा हब आजवर कुणी उघडलेला नव्हता. म्हणजे काकांच्या हबमध्ये आधी जे लोण्यासारखं ग्रीस होतं, ते काकूंच्या हबमध्ये अजून होतं. काकूंना विचारून तो उघडला आणि चमचाभर ग्रीस काढून घेतलं.

खिडकीच्या जुन्या काचेवर तीन ढीग केले. एक काकूंच्या हबमधलं, एक काकांच्या डब्यातलं, एक दोन्ही निम्मं-निम्मं. प्रत्येक ढीग बोथट सुरीनं दोनशे वेळा मळला. (मळणं महत्त्वाचं. हबमध्ये छर्रे तेच करत असतात. नुसतं शेजारी ठेवून काही कळत नाही.) मग काच भिंतीला तिरकी टेकवून गॅलरीत रात्रभर ठेवली. सकाळी पहिले दोन ढीग जागच्या जागी होते. मिश्रण तीन बोटं खाली घसरलेलं आणि त्याच्याभोवती तेलाची किनार. त्याच तिन्हींचे ठिपके वर्तमानपत्रावर ठेवले, तर मिश्रणाखालचा तेलकट डाग इतर दोघांच्या दुपटीहून मोठा झाला.

ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. तिथे मिश्रण यंत्रानं हजारो ठोके मळतात, गरम करून ठेवतात, वितळण्याचा बिंदू पुन्हा मोजतात. पण काकांना पटायला आणि मला निष्कर्ष काढायला ती काच पुरेशी होती. मागच्या हबमधलं ग्रीस पाणी आत येण्याआधीच मोडायला लागलं होतं. पाण्याला थोपवायला फारसं काही उरलं नव्हतं.

काका काचेकडे बघत राहिले. "म्हणजे जे घाण होतं ते वाचलं आणि जे चांगलं दिसलं ते गेलं?" हो. पुढचं घाण होतं म्हणून धुतलं गेलं. धुतलं म्हणून वाचलं.

वितळण्याचा आकडा इथे का लागू नाही

काकांनी डबा निवडला तो सगळ्यात मोठा आकडा बघून. आपण सगळेच असं करतो. म्हणून सायकलच्या हबला नेमकं काय सोसावं लागतं, ते त्यांना कागदावर काढून दाखवलं.

चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी २५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ४१७ मीटर, म्हणजे मिनिटाला दोनशेला दोन कमी फेरे. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात याच्या दीडपट-दुपटीनं फिरतो. मोटारीचं चाक हमरस्त्यावर मिनिटाला नऊशेच्या आसपास, आणि शिवाय शेजारी तापलेली ब्रेकची थाळी. तिथे वितळण्याच्या आकड्याला अर्थ आहे. सायकलच्या हबमध्ये इतक्या कमी वेगात उष्णता तयारच होत नाही. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात उभी केली तर धातू साठेक अंशांपर्यंत तापेल. साधं लिथियम ग्रीस १८० अंशांच्या पुढे वितळतं. म्हणजे लिथियमच्या स्वस्त डब्याचाही वितळण्याचा आकडा इथल्या तापमानाच्या तिप्पट असतो.

वेग कमी असल्याचा एक फायदा असा की ग्रीस जास्त भरलं म्हणून बिघडत नाही. वेगानं फिरणाऱ्या मोटरीच्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच भरतात, नाही तर ते घुसळून तापतं. सायकलच्या कपात मात्र छर्रे निम्मे बुडतील असा जाड थर द्यावा, वरूनही भरावं, आणि कोन आवळल्यावर थोडं बाहेर आलं तर टोपणाखाली त्याचं कडं राहू द्यावं. ते कडं म्हणजे पाण्यासमोरची पहिली भिंत.

म्हणजे सायकलसाठी ग्रीस निवडताना विचारायचे प्रश्न वेगळे. पाण्यानं ते धुऊन जातं का? पाणी आत राहिलंच तर पोलादाला गंज लागू देतं का? आत आधी जे आहे त्याच्याशी त्याचं जमतं का?

आणि माहितीपत्रकात याची उत्तरं असतात. डब्यावर नसतात, पण कंपनीच्या संकेतस्थळावर दोन पानी पत्रक बहुधा मिळतं. मी काकांना चार ओळी वाचायला शिकवलं.

थिकनर कोणता, ही पहिली ओळ. ती नसेल तर मी ते ग्रीस घेत नाही.

मग एनएलजीआय क्रमांक, म्हणजे घट्टपणा. ठरावीक शंकू २५ अंशांना मळलेल्या ग्रीसमध्ये किती रुततो ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. २ क्रमांक म्हणजे २६५ ते २९५, ३ क्रमांक म्हणजे २२० ते २५०. गॅरेजमध्ये एमपी थ्री किंवा एपी थ्री नावानं मिळणारं ग्रीस यातलं ३ क्रमांकाचं, जरा कडक. हबला चालतं. मला २ आवडतं, कारण ते छर्ऱ्यांमागे परत सरकून येतं. ३ क्रमांकाचं बाजूला ढकललं की तिथेच बसून राहतं.

तिसरी ओळ पाण्यानं धुऊन जाण्याची चाचणी. यात ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये चार ग्रॅम ग्रीस भरून मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरवतात आणि तासभर त्यावर पाण्याची धार धरतात, ३८ किंवा ७९ अंशांच्या पाण्याची. किती टक्के ग्रीस गेलं ते लिहितात. दोन ग्रीसची तुलना करताना दोन्हीकडे पाण्याचं तापमान एकच आहे ना, ते बघायचं. ३८ अंशांचा आकडा साहजिकच देखणा येतो.

चौथी ओळ एमकॉर. गंजाची चाचणी, गुण ० ते ५, शून्य म्हणजे गंज नाही. साध्या पाण्यात शून्य बऱ्याच ग्रीसना मिळतो. किनाऱ्यावर जायचं असेल तर खाऱ्या पाण्यातले गुण दिलेत का ते बघावं.

रंगाचा यात काहीच संबंध नाही. निळं म्हणजे वॉटरप्रूफ, लाल म्हणजे हाय टेम्परेचर, हिरवं म्हणजे सायकलचं, असं दुकानात छातीठोक सांगतात. रंग हा रंगच, कंपनीनं घातलेला. काळं असेल तर बहुधा ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं असतं. ते घासत सरकणाऱ्या सांध्यांना उपयोगी, पण गडगडत फिरणाऱ्या छर्ऱ्यांना त्याची विशेष गरज नाही, आणि काळ्या ग्रीसमध्ये घाण आली की नाही तेच कळत नाही.

काय निवडलं

समोर तीन पर्याय होते. गॅरेजचं एमपी थ्री: लिथियम, अर्धा किलोचा डबा, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारं. सायकलच्या कंपन्यांच्या नावानं येणारी ट्यूब: ग्रीस बहुतेक वेळा उत्तमच, पण वजनाच्या हिशेबानं कितीतरी महाग आणि थिकनरचं नाव क्वचितच दिलेलं. आणि कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स, २ क्रमांक, जहाजं आणि कागद गिरण्यांसाठी बनवलेलं.

मी तिसरं घेतलं, आणि ते काकांसाठी घेतलं हे सांगायला हवं. या थिकनरचं वैशिष्ट्य असं की गंज रोखण्याचा गुण त्यात वेगळा घालावा लागत नाही, तो थिकनरमध्येच असतो. पाणी थोडं आत आलं तरी ते सामावून घेऊन घट्टपणा टिकवतं. काकांना पुढच्या वर्षी रत्नागिरीहून खाली वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आहे. काकूंची सायकल मात्र मंडई आणि कमला नेहरू पार्क यांच्या पलीकडे जात नाही. तिला मी साधं लिथियमच भरलं आणि तेवढं पुरेल याबद्दल मला शंका नाही. रोजच्या शहरी सायकलीला महाग ग्रीसपेक्षा पावसाळा संपल्यावर एकदा उघडून धुण्याचा उपयोग अधिक.

इथे वडिलांच्या सायकलची आठवण येते. तिच्या हबच्या मध्यावर एक भोक असायचं, त्यावर स्प्रिंगच्या पत्र्याची पट्टी. रविवारी पट्टी सरकवून शिलाई मशीनच्या कुपीतलं तेल चार थेंब सोडायचं. ते तेल आत फिरून दोन्ही टोकांनी बाहेर यायचं आणि घाण बरोबर घेऊन यायचं. ती पद्धत आपल्या जागी फार शहाणपणाची होती. पण तीच सवय ठेवून आजच्या ग्रीस भरलेल्या हबमध्ये कडेनं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारणारे लोक मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. चेनला मारायचा स्प्रे हबच्या टोपणावर गेला की तो आतलं ग्रीस पातळ करून बाहेर आणतो.

दुरुस्ती

उजवा कोन बदलला. जुना माप म्हणून दुकानात नेला, कारण कोनाचा उतार आणि आटे जुळले नाहीत तर नवा कोन काही आठवड्यांत जातो. उजवा कप फ्रीहबच्या, म्हणजे कॅसेट जिच्यावर बसते त्या भागाच्या, भांड्याचाच भाग असतो. त्यात एका जागी नीप अडकत होती, म्हणून कॅसेट उतरवून, १० च्या ॲलन कीनं आतला बोल्ट सोडून भांडंच नवं घातलं. नव्या भांड्याच्या कुत्र्यांना, म्हणजे उलट फिरताना टकटक करणाऱ्या त्या चापांना, हबचं घट्ट ग्रीस लावलं नाही. तिथे जाड ग्रीस घातलं की थंडीत चाप उठत नाहीत आणि पेडल रिकामं फिरतं. तिथे पातळ तेल.

डावा कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो, तो बदलणं व्यवहारात शक्य नाही. त्यावर एक पुसट डाग होता. नीप अडखळत नव्हती. तो तसाच ठेवला.

अठराच्या अठरा छर्रे नवे घातले. जुने दोन-चार चांगले दिसत होते, पण नव्या-जुन्यांच्या मापात केसाएवढा जरी फरक राहिला तरी मोठा असेल त्याच्यावरच भार येतो. छर्रे इतके स्वस्त आहेत की इथे काटकसर करायला जागाच नाही.

धुण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश, मग कोरडं फडकं, मग पुन्हा रॉकेल, आणि शेवटी पांढऱ्या चिंधीवर काही उमटेनासं झाल्यावर पूर्ण वाळू दिलं. पुढचा हबही तसाच धुतला, कारण त्यातलं मातीचं ग्रीस आणि नवं कॅल्शियम सल्फोनेट यांनाही एकत्र ठेवायचं नव्हतं. एकदा हा धडा मिळाल्यावर कुठल्या दोन प्रकारांचं जमतं याचा तक्ता शोधत बसण्यापेक्षा धुणं सोपं.

कोन आवळताना किंचित खेळ ठेवला. आस हातात धरून हलवला तर जाणवेल न जाणवेल इतका. क्विक रिलीज दाबलं की आस किंचित दबतो आणि तो खेळ नाहीसा होतो. टेबलावर अगदी नेमका जुळवलेला कोन सायकलवर चढवल्यावर घट्ट होतो, आणि मग ग्रीस कितीही चांगलं असलं तरी छर्रे भरडले जातात.

नंतर

पहिल्यांदा उघडलं ते दोन महिन्यांनी, फक्त खात्रीसाठी. ग्रीस जसंच्या तसं. मग पुण्याचा अख्खा पावसाळा गेला. त्यात काकांच्या सिंहगड पायथ्यापर्यंतच्या रविवारच्या चकरा आणि जुलैत ताम्हिणीतून एकदा माणगावपर्यंत. प्रेशरचं पाणी एकदाही नाही. बादली आणि स्पंज, आणि धुतल्यावर लगेच दोन-तीन किलोमीटर फिरवून आणायची.

ऑक्टोबरात दोन्ही हब उघडले. मागच्या उजव्या बाजूचं ग्रीस टोपणाजवळ करडं झालं होतं, आत मूळ रंगाचंच होतं. नव्या कोनावर नीप कुठे थांबली नाही. छर्रे चकचकीत. काकूंच्या हबमधलं लिथियम थोडं दुधाळ झालेलं, पण पोलाद स्वच्छ.

एका सायकलीचा एक पावसाळा एवढाच हा पुरावा आहे, आणि या वर्षी खाऱ्या पाण्याशी गाठ पडलेली नाही. ती वेंगुर्ल्याच्या वाटेवर पडेल. डाव्या कपावरचा तो पुसट डाग आहे तेवढाच आहे; मी त्याचा फोटो काढून ठेवलाय, परत आल्यावर पुन्हा मिळवून बघणार.

काकांनी दोन्ही हबांच्या मधल्या नळीवर पांढऱ्या मार्करनं बारीक अक्षरात तारीख आणि ग्रीसचा प्रकार लिहून ठेवला आहे. मातीच्या ग्रीसचा उरलेला डबा सोसायटीच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना गेला. तिथेही आधीचं ग्रीस खरवडून, पुसून मगच नवं लावायचं, यावर काका वॉचमनपाशी उभे राहून अडून बसले होते.